वजन बेताचे, तरी साखर वाढलेली: स्नायू आणि चयापचय यांचा संबंध

मुलुंडच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४६, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६४ किलो, कंबर ९२ सेंटिमीटर, तपासणीत एचबीए१सी (साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी) ६.१ टक्के, ट्रायग्लिसराईड्स (रक्तातली चरबी) २१० आणि एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ३६ आले. जिममधल्या यंत्राने चरबी २८ टक्के आणि ‘लीन बॉडी मास’, म्हणजे चरबी वगळता उरणारे वजन, ४६ किलो दाखवले. डॉक्टर म्हणतात, स्नायू वाढवा. पण वजन तर बेतात आहे, मग स्नायूंचा साखरेशी संबंध काय, वजन वाढवायचे की घटवायचे, आणि ४६ चा आकडा किती झाला म्हणजे पुरे? जाता जाता, त्यांच्या ७४ वर्षांच्या मधुमेही वडिलांचे वजन वर्षभरात आपोआप ५ किलोंनी उतरले, याबद्दल त्यांनी समाधानही व्यक्त केले आहे.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.७ येतो. भारतीयांसाठी २३ च्या पुढे अतिरिक्त वजन मानले जाते, त्यामुळे काट्यावर तुम्ही निर्दोष ठरता. कंबर मात्र पुरुषांसाठीच्या ९० सेंटिमीटरच्या मर्यादेबाहेर आहे, एचबीए१सी मधुमेहपूर्व अवस्थेच्या ५.७ ते ६.४ या पट्ट्यात आहे, आणि वाढलेली ट्रायग्लिसराईड्स व घसरलेले एचडीएल ही जोडी इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण आहे. मधुमेहाचे रुग्ण तपासताना मुंबईत मला रोज दिसणाऱ्या देहयष्टींपैकी ही एक आहे: हातपाय किरकोळ, पोट पुढे, आणि ‘मी तर बारीकच आहे’ हा ठाम समज. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहपूर्व अवस्थेतील लोक असल्याचा अंदाज दिला. या दुसऱ्या गटात तुमच्यासारखे, कोणीही लठ्ठ म्हणणार नाही असे लोक पुष्कळ असतात.

हे असे का होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण पुण्याचेच आहे. केईएम रुग्णालय संशोधन केंद्राचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे छापली. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. काट्यावर सारखी दिसणारी दोन शरीरे आतून किती वेगळी असू शकतात, हे त्या एका पानाने जितके स्पष्ट केले तितके जाडजूड ग्रंथांनाही जमलेले नाही. त्याच गटाने पुणे जिल्ह्यातील खेड्यांत केलेल्या अभ्यासात असेही आढळले की तिथली नवजात बाळे सरासरी २.७ किलोंची, म्हणजे इंग्लंडमधील साऊथॅम्प्टनच्या ३.५ किलोंच्या बाळांपेक्षा पुष्कळ लहान होती. पण ही तूट मुख्यतः स्नायू आणि पोटातील अवयवांची होती, त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे कमी स्नायू आणि तुलनेने जास्त चरबी ही घडण आपल्याकडे जन्माआधीच सुरू होते. त्यामुळे तुमच्या अहवालाचा सगळा दोष तुमच्या आळसाला देणे योग्य नाही. परंतु मोठेपणी त्या घडणीत बदल करता येतच नाही, असेही नाही.

आता मूळ प्रश्नाकडे, स्नायू आणि साखरेच्या नात्याकडे वळू. इन्सुलिनची पातळी ठरावीक ठेवून शरीर किती ग्लुकोज उचलते हे मोजण्याची क्लॅम्प नावाची पद्धत राल्फ डीफ्रॉन्झो आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये सविस्तर मांडली. या पद्धतीने झालेल्या अभ्यासांतून असे दिसले की इन्सुलिनच्या प्रभावाखाली उचलल्या जाणाऱ्या ग्लुकोजपैकी ७० ते ८० टक्के वाटा हाडांना जोडलेल्या स्नायूंचा असतो. जेवणानंतर रक्तात आलेली साखर स्नायूपेशीत शिरण्यासाठी ग्लुट-४ नावाची वाहक प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर यावी लागतात, आणि त्यांना वर आणण्याचा निरोप इन्सुलिन देते. आत गेलेली साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठते. मध्यम बांध्याच्या माणसाच्या स्नायूंत असे ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन मावते, यकृतात सुमारे १०० ग्रॅम. थोडक्यात, भात-पोळीच्या जेवणातून येणाऱ्या साखरेचे सर्वांत मोठे कोठार स्नायूंमध्ये आहे, आणि ते लहान असेल, आधीच भरलेले असेल किंवा त्याचे दार नीट उघडत नसेल, तर साखरेला दुसरीकडे जावे लागते.

ती जाते यकृताकडे, आणि तुमच्या ट्रायग्लिसराईड्सचे मूळ तिथेच आहे. येल विद्यापीठातील जेराल्ड शुलमन यांच्या गटाने २००७ मध्ये तरुण, सडपातळ, पोट न सुटलेल्या, पण इन्सुलिन-प्रतिरोध असलेल्या लोकांचा अभ्यास केला. पिष्टमय जेवणानंतर त्यांच्या स्नायूंत ग्लायकोजेन तयार होण्याचे प्रमाण इन्सुलिनला नीट प्रतिसाद देणाऱ्यांपेक्षा सुमारे ६० टक्के कमी होते; यकृतात साखरेपासून नवी चरबी बनण्याचे प्रमाण दुपटीहून जास्त होते; रक्तातील ट्रायग्लिसराईड्स सुमारे ६० टक्के जास्त आणि एचडीएल सुमारे २० टक्के कमी होते. पोट सुटण्याच्या आधीच बिघाड स्नायूंत सुरू झालेला होता, हे यातले महत्त्वाचे. तूप-तेल बंद करूनही ट्रायग्लिसराईड्स हलत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांना मी हे नेहमी समजावतो, कारण त्यांच्या रक्तातली ती चरबी बऱ्याच अंशी भात, पोळी आणि साखरेच्या चहातून यकृताने तयार केलेली असते.

सुदैवाने स्नायूपेशीचे दार केवळ इन्सुलिनच उघडते असे नाही. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा पेशीतील ऊर्जेचा साठा खाली येतो, त्यातून स्वतंत्र संकेतमार्ग जागे होतात, आणि इन्सुलिनशिवायही ग्लुट-४ पृष्ठभागावर येते. मधुमेह असलेल्यांतही हा मार्ग बहुतांशी शाबूत असतो. शिवाय एका चांगल्या व्यायामानंतर स्नायूंची इन्सुलिनला प्रतिसाद देण्याची क्षमता साधारण २४ ते ४८ तास वाढलेली राहते. म्हणून स्नायूंचा आकार वाढण्याच्या कितीतरी आधी साखरेत फरक दिसू लागतो. दिल्लीच्या एम्स येथे टाइप २ मधुमेह असलेल्या भारतीयांना १२ आठवडे देखरेखीखाली वाढत्या वजनाचा व्यायाम दिला गेला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बीएमआय किंवा लीन मास यांत लक्षणीय फरक न पडताही इन्सुलिन-संवेदनशीलता स्पष्टपणे सुधारली आणि एचबीए१सी सरासरी अर्ध्या टक्क्याहून थोडे जास्त उतरले. स्नायू किती आहे यापेक्षा तो किती राबतो याला मी अधिक महत्त्व देतो, ते अशा पुराव्यामुळे.

यातच ४६ च्या आकड्याचे उत्तर दडलेले आहे. लीन बॉडी मास म्हणजे चरबी वगळून उरलेले सगळे काही: यकृत, मूत्रपिंडे, रक्त, पाणी, बहुतेक यंत्रांच्या हिशेबात हाडेही. त्यात स्नायूंचा वाटा ढोबळमानाने निम्म्याच्या आसपास असतो. जिममधले यंत्र स्नायू मोजत नाही. ते शरीरातून सौम्य विद्युतप्रवाह सोडून अडथळा मोजते, त्यावरून पाण्याचा अंदाज बांधते आणि त्या अंदाजावरून बाकीचे आकडे काढते. मे महिन्याच्या दुपारी घामाघूम होऊन त्यावर उभे राहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोटभर पाणी पिऊन उभे राहा, तुमचा ‘स्नायू’ एका रात्रीत किलोभर हललेला दिसेल. क्ष-किरणांनी चरबी, हाडे आणि बाकीचे शरीर वेगवेगळे मोजणारा डेक्सा स्कॅन याहून बरा, पण तोही स्नायू आणि स्नायूंतले पाणी वेगळे करत नाही.

दुसरी अडचण अशी की किलोंतला लीन मास एकट्याने फारसे काही सांगत नाही. लठ्ठ माणसाला ते वजन वाहायचे असल्यामुळे त्याचा लीन मासही जास्त असतो, आणि म्हणून जास्त लीन मास असलेल्यांत इन्सुलिन-प्रतिरोध जास्त, असा उलटा वाटणारा निष्कर्षही काही पाहण्यांतून निघतो. लीन मास एकूण वजनाच्या प्रमाणात मांडला की चित्र सरळ होते. श्रीकांतन आणि कर्लामंगला यांनी अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य पाहणीच्या आकडेवारीवरून २०११ मध्ये दाखवले की वजनाच्या तुलनेत स्नायूंचे प्रमाण दर १० टक्क्यांनी वाढले की इन्सुलिन-प्रतिरोधाचा निर्देशांक सुमारे ११ टक्क्यांनी आणि मधुमेहपूर्व अवस्थेचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी कमी आढळते. त्यातही स्नायूंच्या दर्जाचा प्रश्न उरतोच. बैठ्या माणसाच्या स्नायूंत चरबी झिरपली की इन्सुलिनचे काम बिघडते. लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या स्नायूंतही बरीच चरबी असते, तरी ते इन्सुलिनला उत्तम प्रतिसाद देतात, कारण ती चरबी रोज जळते आणि रोज भरली जाते. तेव्हा ४६ चे ४९ करण्याचे लक्ष्य ठेवू नका, आणि दर महिन्याला त्या यंत्रावर पैसेही घालवू नका. घरातला शिंप्याचा टेप तुमच्यासाठी पुरेसा आहे.

जिममध्ये वारंवार ऐकू येणारा एक दावा इथेच निकालात काढतो. स्नायू वाढला की बसल्या जागी भरपूर कॅलरी जळतात, असे सांगितले जाते. विश्रांतीच्या अवस्थेत एक किलो स्नायू दिवसाला साधारण १३ कॅलरी वापरतो, एक किलो चरबी साडेचार. यकृताचा दर किलोमागे सुमारे २०० आणि मेंदूचा २४० आहे. तीन किलो स्नायू कमावले, आणि तेवढी कमाई तुमच्या वयात सोपी नाही, तरी रोजचा जादा खर्च चाळीस कॅलरींच्या आसपास, म्हणजे अर्ध्या पोळीइतकाही नाही. फायदा साखर साठवण्याच्या आणि वापरण्याच्या क्षमतेचा आहे.

वजन वाढवायचे की घटवायचे, या प्रश्नाला माझे उत्तर असे की वजन जवळपास तेवढेच राहू द्या आणि कंबर ९० च्या खाली, शक्यतो ८७-८८ पर्यंत आणा. दोन-तीन किलो उतरले तर चालतील, पण झपाट्याने नकोत. केवळ खाणे तोडून वजन उतरवले तर गेलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा लीन मासचा असतो, आणि तुमच्याकडे ते भांडवल मुळातच कमी आहे. भूक कमी करणाऱ्या नव्या इंजेक्शनांबद्दल २०२५ पासून, ती भारतात मिळू लागल्यानंतर, तुमच्यासारख्या बांध्याचे लोकही विचारू लागले आहेत. त्यांपैकी सेमाग्लुटाइड या औषधाच्या मोठ्या चाचणीत ज्यांचे स्कॅन झाले त्यांच्या घटलेल्या वजनात एक तृतीयांशाहून अधिक वाटा लीन मासचा होता. खरोखर लठ्ठ असलेल्या माणसाला हा सौदा परवडतो, कारण त्याची चरबी त्याहून कितीतरी जास्त जाते आणि प्रमाण एकंदरीत सुधारते. तुमच्या ६४ किलोंना ती औषधे लागू नाहीत, आणि कोणी सुचवली तर कारण विचारा.

व्यायामाविषयी मुंबईकरांचे पहिले उत्तर ठरलेले असते: मी रोज चालतो. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती पहाटे चालणाऱ्यांविषयी मला आदर आहे. चालण्याने रक्तदाब, हृदय आणि जेवणानंतरची साखर या तिन्हींना फायदा होतो. परंतु सपाटीवरच्या चालण्याने मांडीचा स्नायू टिकेल, वाढणार नाही. मधुमेहींवरील २०१० च्या एका अमेरिकी चाचणीत केवळ चालण्यासारख्या व्यायामाने किंवा केवळ वजनांच्या व्यायामाने एचबीए१सीमध्ये लक्षणीय घट झाली नाही, दोन्ही मिळून केल्यावर झाली, आणि तेही एकूण वेळ जवळपास तेवढाच ठेवून. म्हणून आठवड्यातले दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, स्नायूंवर भार टाकणाऱ्या व्यायामासाठी राखून ठेवा. सुरुवात मांड्या, नितंब आणि पाठ या मोठ्या स्नायूंपासून करा, कारण साखर तिथेच जास्त मावते. आपल्या तालमीतल्या बैठका या कामासाठी उत्तम आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला किंवा टेबलाला हात लावून जोर, रबरी पट्टा ओढणे, दोन्ही हातांत वजनाच्या पिशव्या घेऊन जिना चढणे यांपासून सुरू करा. प्रत्येक प्रकाराच्या आठ ते बारा आवृत्त्यांतल्या शेवटच्या दोन-तीन जड गेल्या पाहिजेत. सहज होऊ लागल्या की भार वाढवायचा. वर्षभर तेच दोन किलोंचे डंबेल हलवत राहणाऱ्यांना काहीच फरक पडत नाही तो याच कारणाने. श्वास रोखून वजन उचलू नका.

लोकलमध्ये तासभर उभे राहण्याला पुष्कळ लोक व्यायाम समजतात. पाय दुखतात हे खरे, पण तेवढ्याने स्नायूंची वाढ होत नाही. स्टेशनच्या पुलाचे जिने मात्र हिशेबात धरावेत, सरकता जिना शेजारी असला तरी. घरून काम करणाऱ्यांनी तर हे जपायलाच हवे. कोपनहेगनमधील २०१० च्या एका प्रयोगात धडधाकट तरुणांनी रोजची सुमारे दहा हजार पावले दीड हजारांच्याही खाली आणली, तेव्हा दोनच आठवड्यांत त्यांची इन्सुलिन-संवेदनशीलता सुमारे १७ टक्क्यांनी घटली आणि पायांतला लीन मास जवळपास तीन टक्क्यांनी कमी झाला. पावसाळ्यात फिरणे बंद पडले की साखर चढते, असे रुग्ण सांगतात. त्यांचे निरीक्षण बरोबर असते. अशा दिवसांत इमारतीचा जिना आणि जेवणानंतर घरातल्या घरात दहा-पंधरा मिनिटांच्या फेऱ्या चालतील.

आहारात प्रथिनांचा हिशेब करा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये सुचवलेले प्रमाण दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुमच्यासाठी सुमारे ५३ ग्रॅम आहे; स्नायूंवर भार टाकत असताना मी ६५ ते ७५ ग्रॅम सुचवेन. सकाळी चहा-पोहे, डब्यात पोळी-भाजी, संध्याकाळी वडापाव आणि रात्री वरण-भात असा दिवस गेला तर हा आकडा गाठणे अवघड आहे, कारण पातळ वरणाच्या वाटीत चार-पाच ग्रॅमच प्रथिने असतात. डब्यातली बटाट्याची किंवा भोपळ्याची भाजी काढून तिथे मटकी, चवळी, वाल यांची घट्ट उसळ आली, सकाळी दोन अंडी आली, तर बारा ग्रॅम अंड्यांतूनच मिळतात. १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८, तेवढ्याच बांगड्यात किंवा सुरमईत १८ ते २० ग्रॅम असतात. सोयाबीनच्या कोरड्या वड्यांत निम्मे वजन प्रथिनांचे असते. सगळे रात्री न खाता तिन्ही वेळा विभागून घ्या. प्रथिनांची पावडर विष नाही आणि अमृतही नाही. जेवणातून भागत नसेल तर घ्यावी. भार न टाकता नुसती प्रथिने वाढवली तर त्यांचा स्नायू होत नाही, हे मात्र डबा विकणारा सांगणार नाही.

तुमच्या वडिलांबद्दल मला तुमच्यासारखे समाधान वाटत नाही. ७४ व्या वर्षी, मधुमेह असताना, प्रयत्न न करता ५ किलो वजन उतरणे ही तपासणी करण्याची गोष्ट आहे. साखर अनियंत्रित आहे का, थायरॉईड, क्षयरोग, स्वादुपिंडाचा किंवा अन्य कर्करोग, नैराश्य, दातांच्या त्रासामुळे कमी झालेले खाणे, भूक मारणारे औषध, हे सगळे पाहावे लागेल, आणि मुंबईत क्षयरोग विसरून चालत नाही. हे सर्व वगळले गेले तर उरते वयाबरोबर होणारी स्नायूंची झीज, जी मधुमेहात अधिक वेगाने होते. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये दिलेली मापे घरीही पडताळता येतात: पुरुषाच्या पोटरीचा घेर ३४ सेंटिमीटरपेक्षा कमी, खुर्चीवरून हात न वापरता पाच वेळा उठायला १२ सेकंद किंवा अधिक, चालण्याचा वेग सेकंदाला एक मीटरपेक्षा कमी, दवाखान्यात पकडीची ताकद २८ किलोंपेक्षा कमी भरली तर शंका बळावते. मूत्रपिंडाचे काम पाहण्यासाठी मोजले जाणारे त्यांचे क्रिएटिनिन ०.५ किंवा ०.६ असे ‘उत्तम’ आले असेल तर त्यावर विसंबू नका; क्रिएटिनिन स्नायूंतूनच येते, स्नायू कमी झाले की तेही कमी दिसते आणि मूत्रपिंडाचा बिघाड झाकला जातो. शंका असल्यास सिस्टॅटिन-सी ही स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली मूत्रपिंडाची रक्तचाचणी करता येते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिने किती द्यायची हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावे. या वयात व्यायामाने काय होणार, असे म्हणू नका: नव्वदीच्या आसपासच्या अशक्त वृद्धांवर झालेल्या १९९० च्या अमेरिकी प्रयोगात आठ आठवड्यांत पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती. मात्र तुमचे वडील इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी, शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी गोळी घेत असतील तर व्यायामानंतर साखर फार उतरू शकते, आणि डोळ्यांच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या आल्या असतील तर जोर लावून वजन उचलणे धोक्याचे ठरते. तेव्हा सुरुवात करण्याआधी डोळे तपासून घ्या.

तुमची स्वतःची फेरतपासणी १२ आठवड्यांनी करा, कारण एचबीए१सी मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते. कंबर दर महिन्याला, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. ट्रायग्लिसराईड्स सहसा आधी हलतात, एचडीएल सावकाश. यकृताची सोनोग्राफी आतापर्यंत झाली नसेल तर एकदा करून घ्या. आणि रक्त देण्याच्या आधीचे काही दिवस नवा किंवा जास्त जड व्यायाम टाळा: ताणलेल्या स्नायूंतून एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताच्या तपासणीत मोजली जाणारी द्रव्ये रक्तात येतात, आठवडाभर वाढलेली राहू शकतात, आणि व्यायामाचा उल्लेख न केल्यास तो यकृताचा आजार समजून विनाकारण पुढच्या तपासण्या सुरू होतात.